दादाच्या नावाने

"श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा."

धाकट्याने सोडला. पोटावरचा जेल गारढोण होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. टेबलावर पोट त्याचं होतं, कागदावर नाव थोरल्याचं. लहानपणी थोरल्याने त्याच्या वाट्याचा मार कितीदा खाल्ला होता. आज त्याची थोडी परतफेड चालली होती.

तपासणी खरं तर थोरल्याची. रक्तदानाला गेला तेव्हा त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू निघाला. तो जन्मतःच आईकडून आलेला, आणि आई लिव्हरच्या कॅन्सरने गेलेली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. गाठ आलीच तर लहान असतानाच सापडावी म्हणून. थोरला नेमाने करायचा. या खेपेला मात्र त्याने कच खाल्ली. बरगडीखाली दुखत होतं. आईचं शेवटचं सगळं त्यानेच केलं होतं, आणि आता आपल्यालाही तेच झालंय हे त्याला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तिकडे त्याची बायको अडून बसली होती: रिपोर्ट आणल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.

मग दोघा भावांनी डोकं लढवलं. दोघेही सुतार, फट दिसली की बुजवायची सवय हाडीमासी खिळलेली. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि बदली डॉक्टरांनी थोरल्याला कधी पाहिलं नव्हतं.

"आज माझ्या जागी तू झोप," थोरला म्हणाला. "तुझ्या वहिनीला एक चांगला कागद दाखवू. पुढच्या खेपेला मी स्वतः जातो, आईशप्पथ."

"सुई टोचणार नाहीत ना?"

"नाही रे, भित्र्या!"

सुईचं नाव काढलं की धाकटा पळ काढायचा. "आपली आई एकच, तुझंही रक्त तपासून घे," असं थोरला सांगून थकला. "मला काय धाड भरलीये?" हे धाकट्याचं ठरलेलं उत्तर. घरात आजारी माणूस म्हणजे थोरला, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. थोरल्याने तेलकट खायचं नाही, थोरल्याने जड फळ्या उचलायच्या नाहीत. त्या उचलून उचलून धाकट्याचा उजवा खांदा भरून यायचा. पँट ढिली झाली म्हणून पट्ट्याला त्याने लाकडाला भोकं पाडायच्या सामत्यानेच नवं भोक पाडलं होतं. "बायको नाही, मग खायला कोण घालणार?" असं म्हणून तोच हसायचा.

"कुशीवर वळा," डॉक्टर म्हणाले. हातातलं यंत्र एकाच जागी घुटमळत राहिलं.

"आईला काय झालं होतं?"

"लिव्हरचा कॅन्सर."

"मागची सोनोग्राफी केली होती?"

"हो." थोरल्याची सगळी माहिती त्याने पाठ करून आणली होती.

"तेव्हा काही निघालं नव्हतं?"

"नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघा, लिव्हरमध्ये गाठ आहे. लिंबाहून मोठी. मला ती चांगली वाटत नाही. आणि सहा महिन्यांत ती एवढी वाढली, हेही मला पटत नाही. उद्याच सीटी स्कॅन करून घ्या. सोबत कोणी आलंय?"

"भाऊ आहे बाहेर."

ओल्या पोटावरच धाकट्याने शर्ट ओढला. दादाला हे सांगायचं कसं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

थोरला दाराशीच उभा होता. "झाली का तुझ्या वहिनीची सोय?"

धाकट्याला रडू फुटलं. त्याने थोरल्याचे दोन्ही हात घट्ट धरले. "दादा, तुला गाठ आहे रे. लिव्हरमध्ये. मोठी आहे म्हणाले."

थोरला बाकावर बसला. त्याला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला. "उगाच नव्हतं दुखत. गप, रडू नकोस. हत्यारं आता तुझीच. रंधा तेवढा कुणाला उसना देऊ नकोस. आणि वहिनीकडे बघ. माझ्याशिवाय तिला भांडायला कोणी नाही."

"असं बोलू नकोस ना. मी आहे. म्हणशील तिथे नेईन तुला."

"नेशील रे. आधी ते चिकट पूस. शर्टाचा अवतार बघ."

धाकट्याचं नाक आणि फुटलेले गुडघे थोरल्यानेच पुसले होते. आताही त्यानेच खिशातून रुमाल काढला, शर्ट वर केला आणि पोटावरचा जेल पुसायला घेतला. पुसता पुसता त्याचा हात थांबला.

"अरे," तो म्हणाला, "पण आत तर तू झोपला होतास."