दुधाचा पेला

डॉक्टरांनी दादाची जुनी गोळी अर्धी, मग पाव करत थांबवली, नवी वाढवत नेली आणि बजावलं, “आता दोन्ही एकत्र नकोत.”

परवापासून दादा दूध पिईना. “यात आई काहीतरी मिसळते.”

“ऐकलंस?” आई रडकुंडीला आली. “संशयाने पुन्हा डोकं वर काढलं. नवी गोळी मानवतच नाही त्याला. लाव डॉक्टरांना फोन.”

मलाही तसंच वाटलं. त्याची समजूत काढायला मीच पेला तोंडाला लावला. घोट घशाखाली उतरेना, इतका कडूजहर.

मी आईकडे पाहिलं.

“जुनीच गोळी आहे गं,” ती पुटपुटली. “ती सुरू झाली, तेव्हा कुठे तो मला पुन्हा आई म्हणाला होता.”