वाक्यात उपयोग

“वारा आहे, पोरी. नसत्या चौकशा करायच्या नाहीत.”

बाबांकडून हे ऐकलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आई घर सोडून गेल्याला आठवडा झाला होता आणि भरदुपारी कुणीतरी दार वाजवत होतं. त्यानंतर चाळीस वर्षं तिने बाबांना काही विचारलं नाही.

आता दोघं एकाच टेबलाशी बसली होती. इंग्रजी-मराठी शब्दकोशाची प्रुफं पाचला छापखान्याचा माणूस न्यायला येणार होता. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि बाबा प्रुफावर बोट फिरवत ताडून बघायचे. उभा जन्म त्यांनी हेच काम केलं. एखादा काना निसटला तरी त्यांना ठेच लागायची. पण हल्ली बोलताना शब्द गळत होते. काल चिमटा आठवेना, आज सकाळी शेजारणीचं नाव. छापलेलं तेवढं शाबूत होतं. असंच एक दिवस ती दुपारही गळून जाईल, या धास्तीने ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

“ते टोपण जरा सुखाने राहू दे,” बाबा म्हणाले. “पुढचा शब्द?”

“क्युरिऑसिटी. अर्थ एक : कुतूहल, जाणून घ्यायची ओढ.”

“बरोबर.”

“दोन : दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड.”

“बरोबर.” बाबा हसले. “एकाच पोरीला माहेरी हुशार म्हणतात, सासरी आगाऊ. तसंय हे.”

ती हसली नाही. तिने खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली. पाचाला दहा कमी.

“वाक्यात उपयोग. मुलाने कुतूहलाने घड्याळ उघडून पाहिलं.”

“आहे.”

“त्या दुपारी दार कोण वाजवत होतं, याचं मुलीला कुतूहल होतं.”

बाबांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं, मागे आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वरपासून पाहिलं.

“हे इथे नाही. टाइप करणाऱ्याने गाळलं वाटतं.”

“मूळ प्रतीतही नाही, बाबा. माझ्या पदरचं आहे.”

बोट थांबलं.

जिन्यात चपला वाजल्या. छापखान्याचा माणूस वेळेआधीच आला होता. दारावर थाप पडली. ती उठायला गेली, तर बाबांनी तिचं मनगट धरलं. दारावर पुन्हा थाप पडली.

“वारा नव्हता तो,” एकही शब्द न शोधता बाबा म्हणाले. “तुझी आई होती. मी कडी काढली नाही.”