टप्प्याटप्प्याने

कॉम्प्युटरची नवी रॅम शर्टाच्या खिशात मावली. विपुल ती घेऊन बायकोच्या समोरून घरात शिरला, हातपाय धुतले, चहा प्यायला. नेत्रा पॅथॉलॉजी लॅबच्या दुपारच्या पाळीला गेल्यावर दहा मिनिटांत ती बसवून मोकळा झाला. पहिला टप्पा पार पडला.

एकूण टप्पे पाच होते: रॅम, मग एसएसडी, पॉवर सप्लाय, प्रोसेसरसकट मदरबोर्ड आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स कार्ड. हा क्रम बोरिवली स्टेशनजवळच्या दुकानातल्या आकाशने आखून दिला होता. विपुलची अट एकच होती. जुनं कॅबिनेट बदलायचं नाही. एका बाजूला पोचा आलेला तो काळा डबा नेत्रा सात वर्षं पाहत होती. त्याच्या आत काय असतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

एवढी चोरी करायला कारण होतं. वन बीएचकेच्या त्या घरात हातपाय पसरायला जागा उरली नव्हती. म्हणून पाडव्याला नवराबायकोने समोरासमोर बसून ठरवलं, यापुढे घरात नवं काही आणायचं नाही. विपुलचा नवा गेमिंग कॉम्प्युटर त्यात बारगळला. नेत्राचीही एक मागणी होती, ती विपुलने जागेचंच कारण दाखवून निकालात काढली. उठताना नेत्रा म्हणाली, "लपूनछपून काही आणलंस ना, तर तुझा डबा टेबलासकट नंदूकडे जाईल."

नंदू तिचा चुलतभाऊ. तो दुसऱ्या दिवशी येऊन टेबलाचं मापही घेऊन गेला होता.

दुसऱ्या टप्प्याला नशीब धावून आलं. नेत्राची आई कमळ खाडीपलीकडे गोराईला एकटी राहायची. मासळीची टोपली घेऊन बाजारात बसणं तिने सोडलं होतं, पण गुडघेदुखीने तिला सोडलं नव्हतं. डॉक्टरांनी तीन महिने शेक आणि व्यायाम सांगितला आणि ती मंगळवार ते शनिवार लेकीकडे राहू लागली. नेत्राचं सगळं लक्ष आईकडे. विपुलला आणखी काय हवं होतं?

सासूबाईंना बोटीच्या धक्क्यावरून आणायला तो आपण होऊन जाऊ लागला. तिला परकी उशी चालत नसे, म्हणून ती स्वतःची घेऊन आली. त्या उशीच्या अभ्र्यातून एसएसडी घरात आली. पुढे मिक्सरचं वाटण तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून पाटा-वरवंटा आला. त्याच पिशवीच्या तळाशी वजनदार पॉवर सप्लाय खपून गेला. नेत्राने उलट नवऱ्याचं कौतुक केलं. एवढं ओझं तिसऱ्या मजल्यापर्यंत आणलंस, म्हणाली.

मदरबोर्डच्या वेळी मात्र तो सापडला. ते चपटं खोकं त्याने कमळच्या लुगड्यांच्या ट्रंकेत सरकवलं होतं. ट्रंक घरी उघडल्यावर तिचा हात पहिला त्यावरच पडला. नेत्रा स्वयंपाकघरात होती.

"जावई, ह्या काय?"

विपुलने आवाज खाली आणला. ऑफिसचं सामान आहे, नेत्राला कळलं तर उगाच वाद होईल, असं काहीबाही सांगितलं.

"मी कशाला सांगू?" कमळ म्हणाली. "तुमचा काम चालू दे."

तिने खोकं त्याच्या हातात दिलं आणि लुगडी पुन्हा नीट लावली. अशी सासू शोधून सापडायची नाही, हे विपुलने आकाशला दोनदा ऐकवलं.

मग एकदा नेत्राकडूनच धोका आला. केर काढता काढता नेत्रा डब्यापाशी थांबली. पूर्वी हा घरघर करायचा, आता आवाज कसा येत नाही, म्हणाली. विपुलने धूळ साफ केल्याचं सांगितलं. तिने मान डोलावली आणि केरसुणी पुढे सरकली.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. गोराईच्या घरात ओल फार, सासऱ्यांची तसबीर खराब होतेय, हे ऐकताच विपुलच म्हणाला, मग ती इकडेच आणू या. कार्डाचं खोकं तसबिरीच्या मागे, वर चादर. घरी आल्यावर भिंतीत खिळाही त्यानेच ठोकला.

शेकाचा शेवटचा आठवडा म्हणून कमळ त्या रविवारीही थांबली होती. सकाळी मायलेकी मासळीबाजारात गेल्या आणि कार्ड बसलं. पडद्यावर जंगल उघडलं. वाऱ्याने हलणारी गवताची पाती वेगवेगळी दिसत होती. विपुलने डब्याचं झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि एकटाच हसला. पाचही टप्पे पार पडले होते आणि टेबल जागच्या जागी होतं.

आता नजर मोठ्या मॉनिटरकडे वळली. ट्रंक ठेवली होती तो कोपरा त्याला अगदी बेताचा होता. कमळच्या शेकाचा शेवटचा दिवसही कालच झाला होता. मायलेकी परतल्या तेव्हा विपुलने पुढे होऊन पिशवी घेतली आणि मोठ्या मनाने सांगितलं, "आई, आता विश्रांती घ्या. संध्याकाळी सगळं सामान बांधू. मी स्वतः गोराईला सोडायला येतो."

कमळने नेत्राकडे पाहिलं.

"थांब जरा," नेत्रा म्हणाली. "पाहुणे यायचेत."

बेल वाजली. दारात रतन नावाचा एक तरुण शिक्षक आणि त्याची बायको उभी होती. दोघांनी आत येऊन कमळला वाकून नमस्कार केला.

"मावशी, काल सामान लावून झालं," रतन म्हणाला. "तुमचं गोराईचं घर आम्हाला फार आवडलं. पाच वर्षांचा भाडेकरार आहे, पण घर आपलं समजूनच जपू."

त्याच्या बायकोने पेढ्यांचा पुडा पुढे केला. नेत्राने तो उघडला. पहिला पेढा आईला भरवला, दुसरा विपुलच्या हातावर ठेवला.

"घे रे. पाडव्याला आईसाठी जागा नव्हती ना? झाली बघ," ती म्हणाली. "तुझं ग्राफिक्स कार्डही आजच बसलं ना?"