तीन धडका

निवृत्तीनंतर हेडक्लार्कसाहेबांनी रिमोटवर चालणारे चिमुकले रणगाडे जमवून, ते दिवसभर बायकोच्या टाचांमागे पळवत तिला भंडावून सोडलं होतं. आज आपल्या खोलीत फळीवरचा नवा रणगाडा काढताना ते स्टुलावरून टेबलामागे कोसळले. खुब्याचं हाड मोडलं, फोन बाहेर राहिला. हाका मारून घसा सुकला, पण कानातलं यंत्र काढून बायको भांडी घासत होती. जुना रणगाडा जमिनीवर होता, रिमोट खिशात. घामाघूम होत त्यांनी अंदाजाने तो स्वयंपाकघरात नेला आणि तिच्या टाचेवर तीनदा धडकवला. “पुरे झाला चावटपणा! सत्तरी आली तरी पोरखेळ सुटत नाही,” ती खळखळून हसली. तिने रणगाडा उचलून बंद केला. पावलं दाराशी आली. “अगं, पडलोय मी!” साहेब किंचाळले. “हा जप्त! मी जरा लवंडते, तासभर हाका मारू नका,” म्हणत तिने बाहेरूनच दार ओढून घेतलं.