कागदावरचा ग्रीक शब्द

निजामुद्दीन उमरखेडला फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. कीटकनाशकानं तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकून मोकळं करायची त्याची रीत. कपाशीच्या हंगामात दिवसाला वीस-पंचवीस पंप यायचे. यंदा पोळ्यानंतर त्याची नजर गेली.

दवाखान्याच्या कागदावर 'कारण' या रकान्यात एकच शब्द होता, 'इडिओपॅथिक'.

"हे काय व्हय, डॉक्टरसाहेब?" त्याच्या बायकोनं, हजराबीनं विचारलं.

"प्राचीन ग्रीक आहे. 'डोन्ट नो'ला आम्ही असं लिहितो. म्हणजे कारण माहीत नाही."

"कारण तं मी तीन दिवसांपासून सांगून राह्यली. तरी तुमाले माहीत नसंन, तं तसंच लिवा ना मराठीत. ग्रीक कायले पाह्यजे?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"मराठीत लिहिलं, तर चौकशी लागते."