वस्तादची शिफारस

वाइन पारखायला शिकून सोमेलिए व्हायचं, असं तिने हॉटेलातली टेबलं पुसता पुसता ठरवलं. परीक्षेसाठी वस्तादची शिफारस हवी होती. वाइनचा कारभार त्याच्याच हातात. पहिल्याच धड्याला त्याने तिला तळघरात नेलं आणि गिऱ्हाइकांच्या ग्लासांत उरलेली वाइन नरसाळ्याने महागड्या वाइनच्या बाटलीत ओतली. एका ग्लासाला लिपस्टिक होती, दुसऱ्यात पावाचा तुकडा भिजून फुगला होता. ती एक पाऊल मागे सरकली. “नाक मुरडू नकोस, पोरी! याचे दोन ग्लास सात नंबरला ने. शिफारस हवीय ना?” सात नंबरवर म्हातारं जोडपं लग्नाचा वाढदिवस साजरा करत होतं. “चवीला कशी आहे गं?” आजींनी ग्लास उचलत विचारलं. दारातून वस्ताद डोळे वटारून बघत होता. “उष्टी आहे, आजी,” ती मोठ्याने म्हणाली. शिफारस तिथेच बुडाली, पण अख्ख्या हॉलमधले ग्लास ओठांपाशीच थांबले.