कोरे रकाने

घाटातल्या यंत्राचा रकाना कोरा आला. तिने पुन्हा तपासलं. पुन्हा कोरा.

नदी नियंत्रण कक्षात तिला सगळे सर्व्हरवाली म्हणत. नवा डेटाबेस सर्व्हर तिनेच बसवला होता आणि आज तो पहिल्यांदा खऱ्या कामाला लावला होता. नदीकाठच्या यंत्रांनी पाण्याची पातळी पाठवायची, सर्व्हरने ती साठवायची आणि पडद्यावर दाखवायची, एवढंच ते काम. शेजारी जुना सर्व्हरही चालू ठेवला होता. दिवसभर दोघांचे आकडे जुळले, की संध्याकाळी जुन्याला निरोप द्यायचा असं ठरलं होतं.

सकाळभर आकडे जुळले. दुपारी पहिल्यांदा फरक पडला. जुन्याच्या पडद्यावर घाटातलं पाणी दिसत होतं आणि तेही अगदी कमी, काळजी करण्यासारखं काही नाही. नव्याच्या पडद्यावर तिथे काहीच नव्हतं.

साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षी त्यांनी नुसत्या संशयावरून भोंगा वाजवला होता. खालची वस्ती जिवाच्या आकांताने टेकडीकडे धावली, चेंगराचेंगरीत एक म्हातारी गेली आणि पाणी आलंच नाही. तेव्हापासून साहेब भोंग्याच्या बटणाकडे पाठ करून बसत.

"बसवताना काहीतरी राहिलं असेल," ते म्हणाले.

"बघते."

तिने जोडणी पाहिली, परवानग्या पाहिल्या, डिस्कवर जागा आहे का तेही पाहिलं. सर्व्हर ठणठणीत होता. खालच्या यंत्रांचे आकडे बिनबोभाट येत होते. ती पुन्हा पडद्याकडे वळली, तर पुलाचा रकानाही कोरा झाला होता.

मागे कुणीतरी हसलं. तिचे कान तापले.

"जुन्यावर पूल दिसतोय," साहेब म्हणाले. "नवा बंद कर. उगाच शोभा नको. काय बिघडलंय ते सवडीने बघ."

बंद करण्यापूर्वी फरक टिपून ठेवावा म्हणून तिने जुन्या सर्व्हरमधल्या घाटाच्या नोंदी उघडल्या. सकाळचे आकडे थोडे थोडे हलत उतरत गेले होते. नदीचं पाणी कधी स्थिर नसतं, निदान शेवटचा अंक तरी थरथरतो. मग एका ओळीपासून पुढे प्रत्येक ओळीत तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत तोच. नव्याचा रकाना कोरा झाला होता नेमका तिथपासून. पुलाचंही तसंच. तिने जुन्याची आज्ञावली उघडली. फार पूर्वी कुणीतरी त्यात लिहून ठेवलं होतं, की उत्तर आलं नाही तर मागचाच आकडा पुन्हा लिहावा.

"साहेब, जुन्याला उत्तर मिळालं नाही की तो मागचंच सांगतो."

"म्हणजे?"

"म्हणजे घाटातून आणि पुलावरून काहीच येत नाहीये. कुठल्याच सर्व्हरला."

"वीज गेली असेल."

"यंत्रं बॅटरीवर चालतात."

पुलाच्या खाली, नदीच्या वळणावर पंपघर होतं. तिसरं यंत्र त्याच्याच भिंतीवर होतं आणि पंप तिचा मोठा भाऊ चालवायचा. तिने त्याला फोन लावला.

"काय गं, आज आठवण झाली?" दादा म्हणाला. "सर्व्हर रुसला वाटतं तुझा."

"दादा, पाणी कसंय तिथे?"

"पाणी आहे कुठे? सकाळपासून आटतच चाललंय. पंप हवा ओढतोय नुसता. मासे चिखलात तडफडतायत." तो थांबला. "एक मिनिट. वरून आवाज येतोय. मोठा ट्रक यावा तसा. पण त्या बाजूला रस्ता नाही."

ती ताडकन उभी राहिली.

"दादा, वर चढ. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पंप तरी बंद करतो."

"राहू दे पंप. पळ."

दार आपटलं. पावलं ऐकू आली, मग त्याचा श्वास, मग नुसती पाण्याची घरघर, वाढत वाढत जाणारी. फोन मुका झाला. समोर वळणाचा रकाना कोरा झाला.

ती साहेबांकडे वळली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"सर्व्हरला काही झालेलं नाही, साहेब. पाणी एकेक यंत्र गिळत खाली येतंय."

साहेबांनी दोन्ही पडदे पाहिले. क्षणभर ते जागचे हलले नाहीत. मग चालत गेले आणि त्यांनी बटण दाबलं. भोंगा सुरू झाला तरी त्यांनी बोट उचललं नाही.

तिला दादाला परत फोन लावायचा होता. तिने वस्तीतल्या शाळेला लावला, मग दवाखान्याला.

घाटात डोंगराचा कडा नदीत कोसळला होता. त्यामागे तुंबलेलं पाणी दुपारी बांध फोडून निघालं होतं. मुळांसकट झाडं घेऊन ते वस्तीत शिरलं, तेव्हा घरांना कुलपंही लावलेली नव्हती, पण आत कुणी नव्हतं. टेकडीवर लोक दाटीवाटीने उभे राहून आपली छपरं वाहून जाताना बघत होते. संध्याकाळी दादाचा दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून निरोप आला. हात मोडला होता, आवाज बसला होता, पंपघर राहिलं नव्हतं.

ती फोन छातीशी धरून बसून राहिली. नव्या सर्व्हरचा पडदा आता वरपासून खालपर्यंत कोरा होता. नदीकाठी एकही यंत्र उरलं नव्हतं आणि जुन्या सर्व्हरच्या पडद्यावर नदी अजून संथ वाहत होती.